सासूबाई, सहा माणसं आणि बँकॉकचा एक दिवस

प्रवासाचं विचारा : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं निघाली की पत्रांचा गठ्ठा जाड होतो. यंदा त्यात बँकॉकच बँकॉक आहे. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, म्हणून एक मोठं पत्र नीट घेतलंय आणि बाकीची थोडक्यात.

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर आम्ही थायलंडला चाललोय. पट्टायाचे दिवस टूरवाल्यांच्या हातात आहेत, पण शेवटचा शनिवार बँकॉकमध्ये आमचा आम्हाला मोकळा आहे. विमान रात्री साडेअकराचं. आम्ही सहा जण : मी, मिस्टर, सासूबाई (वय ७१, गुडघे धरतात), नणंद आणि माझी दोन मुलं, अकरा आणि सहा वर्षांची. सासूबाईंना देवळं बघायचीत. नणंदेचं फेब्रुवारीत लग्न आहे, तेव्हा बायकांना द्यायच्या भेटवस्तू आणि संक्रांतीचं वाण तिथूनच आणावं असं घाटतंय. मुलांना मॉलमधलं मत्स्यालय हवंय. मिस्टरांनी यादी केलीय : राजवाडा, झोपलेला बुद्ध, वाट अरुण, चातुचक बाजार, प्रतुनाम, सियाम पॅरागॉन. हॉटेल प्रतुनामला आहे. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, हे सगळ्यात मोठं संकट. बसेल का हे एका दिवसात?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही बसणार. मिस्टरांना सांगा, यादी छान आहे, पण ती तीन दिवसांची आहे. नकाशा उघडून बघा. राजवाडा, वाट फो (झोपलेला बुद्ध तिथलाच, आणि "वाट" म्हणजे देऊळ) आणि वाट अरुण पश्चिमेला नदीकाठी. चातुचक पार उत्तरेला. प्रतुनाम आणि पॅरागॉन मॉल मधोमध. ही टोकं एका दिवसात जोडायला गेलात तर तुमचा शनिवार टॅक्सीच्या मागच्या सीटवर जाईल आणि सासूबाई पुढची दहा वर्षं "बँकॉकला काय बघितलंत?" या प्रश्नावर "सिग्नल" असं उत्तर देतील.

मी वर्षानुवर्षं गट घेऊन जायचे, तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे : एका दिवसात एकच बाजार, आणि तो वाटेवरचा. चातुचक कापा. वाट अरुण समोरच्या काठावरून बघा, त्याच्या उभ्या पायऱ्या या गुडघ्यांसाठी नाहीत. प्रतुनाम तर हॉटेलच्या दारातच आहे, ते दिवसा कशाला? उरली नदी, दोन देवळं आणि देवळांच्या पलीकडचा बाजार. तेवढ्यात दिवस भरतो.

सकाळी सातला निघा. हॉटेलजवळून राचथेवी स्टेशनला या, स्कायट्रेन पकडा, सियामला गाडी बदला आणि सफान ताक्सिनला उतरा. खाली उतरलं की समोरच साथोर्नचा धक्का. तिथून केशरी झेंड्याची बोट घ्या. निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोट महाग असते आणि तिचे विक्रेते तुम्हाला आधी गाठतील. केशरी बोट म्हणजे तिथल्या लोकांची लोकल, काही बाथांत (बाथ म्हणजे तिथलं चलन) होते. ता चांगच्या धक्क्यावर उतरायचं. मुलांना वाऱ्यात बसून जाता येईल, मत्स्यालयाचा निम्मा हट्ट तिथेच विरतो.

राजवाडा साडेआठला उघडतो. तुम्ही साडेआठलाच दारात हवं, कारण दहानंतर ऊन आणि चायनीज टूरचे घोळके एकदमच येतात. तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ. १२० सेंटीमीटरच्या आतल्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा धाकट्याची उंची घरीच भिंतीला लावून मोजून ठेवा. कपड्यांचं मात्र कडक आहे : खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सासूबाईंच्या साडीला कुणी काही म्हणणार नाही. अडतील ते मिस्टर, त्यांच्या थ्री-फोर्थमुळे. बाहेर हत्ती छापलेल्या ढगळ पँटी विकायला असतात. बऱ्याच घरांत एक तरी अशी पँट कपाटात पडलेली असते, आणि ती कुठून आली हे मला न विचारता कळतं.

आत गेल्यावर सगळे पाचूच्या बुद्धाच्या मंदिराकडे धावतात. धावा, पण अपेक्षा बेताची ठेवा. मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटर उंचीची आहे, उंच आसनावर बसवलेली, आणि पाचूची नसून हिरव्या जेडची. ऋतूप्रमाणे तिची वस्त्रं वर्षातून तीनदा बदलतात आणि तो मान राजाचा. हे सासूबाईंना सांगा, पंढरपूरच्या पोशाखाशी त्या लगेच नातं जोडतील. आत चपला काढायच्या, फोटो नाही, आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत.

खरा ऐवज मात्र बाहेर आहे. मंदिराच्या सभोवती छप्पर असलेली ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण. तिथल्या रामायणाचं नाव रामाकियेन. बर्मी फौजांनी १७६७ मध्ये जुनी राजधानी अयुत्थया जाळली, त्यानंतर १७८२ मध्ये पहिला राम या राजाने हे शहर आणि हा राजवाडा उभा केला, आणि आजही तिथले राजे राम नावानेच मोजतात. ओवरीत सावली आहे, टेकायला कट्टे आहेत, गर्दी पुढे पळून गेलेली असते. सासूबाईंना इथे अर्धा तास द्या आणि दोन्ही नातवंडांना त्यांच्या हाती सोपवा. पांढराशुभ्र माकड म्हणजे हनुमान, हिरव्या अंगाचा तो रावण, त्याला तिथे तोत्सकान म्हणतात. पोरं पटापट ओळखायला लागतात. सोनेरी वर्ख लावलेल्या लढायांच्या आडोशाला साधी माणसं भांडी घासताना आणि पोरांना खेळवताना काढलीत, ती शोधायला लावा.

एक सूचना तेवढी कानात सांगते. या रामायणात सीता ही रावणाचीच मुलगी आहे, आणि मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड चोरून नेणाऱ्या सुवन्नमच्छा नावाच्या मत्स्यकन्येशी त्याचं जुळतं, त्यांना मुलगाही होतो. ती बाईही रावणाचीच लेक. शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या सासूबाईंना हे विमानात बसल्यावर सांगा.

राजवाड्यातून वाट फोला चालत दहा-पंधरा मिनिटं. ऊन फार असलं तर दोन टॅक्सी करा, मीटरनेच. वाट फोचा झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. फोटोत तो कधीच मावत नाही, तेव्हा मिस्टरांना तिथे अडकू देऊ नका. तळपायांवर शिंपल्यांच्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं मढवलीत, आणि मूर्तीच्या पाठीमागे भिंतीलगत काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली आहेत. वीसेक बाथ दिले की वाटीभर चिल्लर मिळते आणि प्रत्येक भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. टण, टण, टण असा आवाज सगळ्या दालनभर चालू असतो. सासूबाईंना १०८ म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. इथलं तिकीट ३०० बाथ. दोन्हींचा हिशोब केलात तर पाच तिकिटांचे चार हजार बाथ, आणि बाथ अडीच ते तीन रुपयांच्या मधे धरला तर दहा-बारा हजार रुपये नुसती दारं उघडायला. खिशाला जड वाटत असेल तर राजवाडा सोडा, वाट फो सोडू नका. (मग रामायण हुकतं, हेही खरं.)

आता जेवण. तुमचं सगळ्यात मोठं संकट मला सगळ्यात सोपं वाटतं. बँकॉकमध्ये भारतीय हॉटेलं शोधत फिरू नका, कारण तिथल्या पनीरपासून डाळीपर्यंत सगळं कांदा-लसणाच्या वाटणात बुडालेलं असतं. त्याऐवजी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेली खूण शोधा : เจ. बोलताना तिला "चे" म्हणतात. हा चिनी बौद्धांचा उपासाचा स्वयंपाक. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, पण कांदा आणि लसूणही चालत नाही. आपल्या शारदीय नवरात्राच्या आसपास बहुतेक वर्षी त्यांचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा सगळा चायनाटाउन पिवळ्या झेंड्यांनी भरतो. तुम्ही नंतर जाताय, पण अशी दुकानं त्या भागात वर्षभर असतात. फोनमध्ये ही अक्षरं मोठी करून ठेवा आणि दाखवा. एकच सांभाळा : सोयाबीनचे तुकडे ते हुबेहूब बदकासारखे नाहीतर माशासारखे बनवतात. ताट समोर आलं की सासूबाईंचा चेहरा पडेल. भात, टोफू आणि पालेभाजी मागा, प्रश्न मिटला. साध्या थाई हॉटेलात मात्र नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, फिश सॉस पडतोच.

वाट फोपासून सनाम चायचं भुयारी मेट्रोचं स्टेशन चार पावलांवर आहे. तिथून पुढचंच स्टेशन साम योत, आणि बाहेर आलात की पाहुरात. म्हणजे देवळातून बाजारात जायला एक स्टेशन. पाहुरात हा तिथल्या शीख-हिंदी व्यापाऱ्यांचा कापडबाजार, गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट लांबून दिसतो. जेवण उरकून इथे कुटुंबाचे दोन भाग करा. मिस्टर, सासूबाई आणि मुलं टॅक्सीने हॉटेलवर. त्यासाठी आदल्या दिवशीच अर्ध्या दिवसाचं भाडं भरून खोली संध्याकाळी सहापर्यंत ठेवून घ्या. बारा वाजता खोली सोडून ७१ वर्षांच्या बाईला लॉबीच्या सोफ्यावर सामान राखत बसवणारी घरं मी खूप बघितलीत, आणि वाचवलेले ते पैसे पुढे विमानतळावरच्या कॉफीत जातात. धाकटा आजीपाशी झोपेल. मोठ्याला घेऊन मिस्टर पॅरागॉनच्या तळघरातलं मत्स्यालय करून येतील. यादी त्यांनीच केलीय ना?

तुम्ही आणि नणंद मात्र साम्पेंगच्या गल्लीत शिरा. पाहुरातला लागूनच आहे. गल्ली इतकी अरुंद की दोन बायका पिशव्यांसकट समोरासमोर आल्या तर एकीला दुकानात चढावं लागतं, आणि त्यातूनच हातगाड्या आणि मोटारसायकलीही जातात. म्हणूनच तिथे सासूबाई नकोत आणि मुलं तर नकोतच. माल सगळा ठोकाचा : केसांच्या पिना, रबरं, चेनवाल्या छोट्या पाकिटांचे गठ्ठे, हत्तीच्या कीचेन, फिती, मणी, खेळणी. भाव सहा नगांचा किंवा डझनाचा. एकच मागितलंत तर दुकानदारीण मान हलवेल. भाषा येत नसली तरी अडत नाही. ती कॅल्क्युलेटरवर आकडा मारून तुमच्यापुढे धरते, तुम्ही तुमचा आकडा मारून परत द्यायचा. पण इथे फोर्टच्या फुटपाथसारखं निम्म्यावर आणायला जाऊ नका. ठोकाचा भाव आधीच घासलेला असतो. चार डझन घेत असाल तर थोडं खाली येतील, तेवढंच.

लग्नासाठी माझं मत विचाराल तर छोटी कापडी पाकिटं घ्या. वजन नाही, मोडत नाहीत, आणि बॅगेच्या कोपऱ्यांत कोंबता येतात. घेताना प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन-चार पाकिटांची चेन ओढून बघा, ती अडकली तर गठ्ठाच बदलून मागा. चिनीमातीच्या वाट्या सुंदर दिसतात आणि निम्म्या फुटून घरी पोचतात. जरीच्या फिती आणि लेस पाहुरातला बघा, शिवणाऱ्या बायका खूश होतील. पैसे रोख ठेवा. एटीएम परदेशी कार्डाला दर खेपेला दोनशेहून जास्त बाथ कापतं, म्हणून एकदाच काय ते काढा. साडेचार-पाचला दुकानं आवरायला लागतात, तीच तुमचीही निघायची वेळ.

परतल्यावर तास-दीड तास उरेल. तो सासूबाईंचा. सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या अंगणातच गणपतीचं आणि त्रिमूर्तीचं स्थान आहे, प्रतुनामहून टॅक्सीने पाच-दहा मिनिटं. चौकात पुढे एरावनचा चतुर्मुख ब्रह्मदेव. तिथे हॉटेल बांधताना अपघात होत राहिले म्हणून १९५६ मध्ये हे स्थान बसवलं. लोक नवस बोलतात, आणि पावला की पैसे भरून तिथल्या नर्तिकांकडून नाच करवून नवस फेडतात. मुकुट घातलेल्या बायका झेंडूच्या माळांच्या ढिगापुढे नाचत असतात आणि डोक्यावरून स्कायट्रेन जाते. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात आणि तिथे भर चौकात त्याच्यासमोर रांग, हे बघून सासूबाई बरंच काही बोलतील. बोलू द्या.

सातला सामानासकट हॉटेल सोडा. सहा माणसं आणि साम्पेंगची बोचकी म्हटल्यावर टॅक्सी एक पुरणार नाही, ॲपवरून मोठी गाडी मागवा. आणि इथून निघायच्या आधीचं एक काम : १ मे २०२५ पासून थायलंडला जाताना डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, ते निघायच्या आठवड्यात पुन्हा बघून घ्या.

प्रश्न : गेल्या वर्षी राजवाड्याबाहेर एका चांगल्या कपड्यातल्या गृहस्थाने "आज पूजा आहे, दुपारी उघडेल" असं सांगितलं आणि स्वस्तात रिक्षा करून दिली. ती आम्हाला एका जवाहिऱ्याकडे घेऊन गेली. नीलम घेतला. पुण्यात दाखवला तर निम्म्याच्या निम्मी किंमत. आता काही करता येईल का?
(एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : सर, खोटं सांगत नाही, एक वर्षानंतर हाती काही लागणं अवघड आहे. पावती असली तर तिथल्या पर्यटन खात्याकडे तक्रार लिहून पाठवा. तिथे असतानाच कळलं तर ११५५ हा पर्यटक पोलिसांचा क्रमांक लावायचा, इंग्रजीत बोलतात. हा डाव फार जुना आहे. माणूस नेहमी नीटनेटका असतो, कधी गळ्यात ओळखपत्रही असतं, आणि रिक्षा वीस-तीस बाथांत मिळते, कारण उरलेलं भाडं दुकानदार देतो. राजवाडा बंद आहे की नाही हे फक्त तिकीट खिडकीवर विचारायचं. राजघराण्याचा विधी असला तर काही भाग खरंच बंद असतो, म्हणून तर थाप खरी वाटते.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या चौघी मैत्रिणी. रविवार मोकळा आहे. चातुचक की मॉल?
(नागपूर)

उत्तर : तुम्हाला चातुचक. तुमचे गुडघे शाबूत आहेत. मुख्य बाजार शनिवार-रविवारच असतो, हजारो गाळे, २७ विभाग. मो चितला उतरलात की गर्दीच तुम्हाला नेते, पण विभाग २ ते ४ मधले तरुण डिझायनरांचे कपडे बघायचे तर भुयारी मेट्रोने काम्फेंग फेतला उतरा, तिथे बाहेर पडलं की तेच समोर येतात. सकाळी नऊ-दहाला जा, एकनंतर पत्र्याखाली भट्टी होते. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, हरवलात तर तिथे भेटायचं असं ठरवून ठेवा. आणि आवडलं की तिथेच घ्या. "परत येताना घेऊ" म्हणालात की तो गाळा पुन्हा सापडत नाही. गाळ्याच्या पाटीवर विभाग आणि सोईचा (म्हणजे गल्लीचा) आकडा असतो, त्याचा फोटो काढून ठेवलात तरच आशा. टी-शर्ट दोन घेतलेत तर थोडा भाव उतरवतात, चौघींनी मिळून एका ठिकाणी घेतलं तर आणखी. बुद्धाच्या मूर्ती मात्र घेऊ नका, त्या देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो.

प्रश्न : मॉलमधल्या खरेदीवरचा कर परत मिळतो म्हणतात. कसा?
(ठाणे)

उत्तर : तिथला व्हॅट ७ टक्के. "व्हॅट रिफंड" अशी पाटी असलेल्या दुकानातच, एका दिवसात एका दुकानात किमान २,००० बाथांची खरेदी हवी. पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून पिवळा फॉर्म भरून घ्या, नंतर देत नाहीत. एकूण खरेदी २०,००० बाथ किंवा जास्त असेल तर विमानतळावर बॅगा चेक-इनला द्यायच्या *आधी* कस्टम्सच्या खिडकीवर फॉर्म आणि वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा, मग आत गेल्यावर पैसे. साम्पेंग-चातुचकला यातलं काही नाही. आणि सात टक्क्यांतून त्यांचं शुल्कही जातं, तेव्हा दोन हजारांचा आकडा गाठायला म्हणून आणखी एक शर्ट घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ड्युरियन आणता येईल का? मुलाला घरी सगळ्यांना दाखवायचाय.
(सातारा)

उत्तर : अख्खं फळ नाही, त्याचा वास फार उग्र. हॉटेलवाले खोलीत आणू देत नाहीत, स्कायट्रेनवाले डब्यात येऊ देत नाहीत आणि विमानवाले तर नावच काढू देत नाहीत. त्याचे तळलेले वेफर्स हवाबंद पाकिटात मिळतात, ते आणा. वास बेताचा असतो, पण पाकीट घरच्या फ्रिजजवळ उघडू नका.